घडी चुकलेली प्रथिने : डॉ. स्टॅनली प्रुसिनर यांचे संशोधन आणि विस्मरणाचे आजार

१९९७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अमेरिकेतील डॉ. स्टॅनली प्रुसिनर यांना एकट्याला मिळाले. हे पारितोषिक बहुधा दोघा-तिघांत वाटले जाते, त्यामुळे एकट्याला मिळणे हीच लक्षात राहण्यासारखी गोष्ट. त्यांचा शोध असा की, ज्यात जीव नाही, जनुक नाही, असे नुसते एक प्रथिन रोग निर्माण करू शकते आणि एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेऊही शकते. त्यासाठी जिवाणू किंवा विषाणू लागतोच असे नाही. पंधरा वर्षे आधी त्यांनी हे पहिल्यांदा मांडले तेव्हा अनेक तज्ज्ञांनी ते उडवून लावले होते.

विषय जीवरसायनशास्त्राचा आणि मी वाणिज्य शाखेचा. तरीही मंडळाच्या या माहितीसदरासाठी तो घेतला, कारण तो आपल्या घरांशी जोडलेला आहे. आपल्या कार्यक्रमांना पहिल्या चार रांगांत कोण बसलेले असते हे सर्वांना ठाऊक आहे. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत काढला गेला. म्हणजे या वयाच्या शंभरातले सात-साडेसात. "साठी बुद्धी नाठी" म्हणून आपण ज्याची थट्टा करतो, त्यातला बराच भाग वयाचा नसून आजाराचा असतो. हा आजार लागट आहे का, मुलांना होईल का, औषध आहे का, हे प्रश्न ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे ते दबक्या आवाजात विचारतात. त्यांची उत्तरे समजून घ्यायची तर प्रथिनांपासून सुरुवात करावी लागते.

प्रथिनाची घडी म्हणजे काय

प्रथिने म्हटली की आपल्याला डाळी, दूध, अंडी आठवतात. शरीराच्या दृष्टीने मात्र प्रथिन हे काम करणारे अवजार आहे. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन, साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन, अन्न पचवणारे पाचकरस, ही सगळी प्रथिनेच. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. मणी वीस प्रकारचे. कोणता मणी कितवा, हे जनुकात लिहिलेले असते.

पण ही माळ सरळ राहून काही उपयोगाची नाही. ती तयार होताच स्वतःभोवती गुंडाळली जाते, दुमडली जाते आणि एक ठरावीक आकार घेते. नऊ वार लुगडे घडी उलगडून नुसते अंगावर टाकले तर ते नेसणे होत नाही. काष्टा, निऱ्या, पदर सगळे जागच्या जागी लागते. प्रथिनाचेही तसेच. आकार बरोबर असेल तरच ते काम करते.

हा आकार त्याला कोण शिकवतो? अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन अॅन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाच्या १२४ मण्यांच्या प्रथिनावर प्रयोग केले. रसायने घालून त्याची घडी पूर्ण मोडली, मग ती रसायने काढून घेतली, तर प्रथिन आपोआप पूर्वीच्या आकारात आले आणि कामही करू लागले. म्हणजे घडी कशी घालायची याची सूचना मण्यांच्या क्रमातच असते. या कामासाठी त्यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. यावरून सर्वांनी धरून चालले की एका माळेची एकच खरी घडी. पुढे प्रुसिनर यांच्या संशोधनाने नेमका याच समजाला धक्का दिला.

पेशीच्या आत गर्दी फार असते, त्यामुळे घडी चुकण्याची शक्यताही असते. म्हणून पेशीने मदतनीस प्रथिने ठेवली आहेत. ती नव्या माळेला इतरांच्या धक्काबुक्कीपासून सांभाळतात. इतके करूनही घडी बिघडलीच तर ते प्रथिन तोडून त्याचे मणी परत वापरण्याची सोय आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर रोजच्या रोज ताळा जमवणारी माणसे नेमलेली आहेत. वय वाढते तशी ही यंत्रणा मंदावते. त्यातून चेतापेशी बहुतांशी जन्मभर त्याच राहतात. कातडीसारखी जुनी जाऊन नवी येत नाही. त्यामुळे तिथे साठलेला कचरा साठतच जातो. मेंदूचे हे आजार म्हातारपणी का येतात, याचे एक महत्त्वाचे कारण इथे आहे.

मेंढ्यांचा रोग आणि न्यू गिनीतील माणसे

युरोपात मेंढ्यांना होणारा स्क्रेपी नावाचा रोग अठराव्या शतकापासून माहीत आहे. मेंढीला कंड सुटते, ती कुंपणाला अंग घासून लोकर काढून टाकते, तोल जातो आणि ती मरते. मेल्यावर मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर स्पंजसारखा भोकाभोकांचा दिसतो. १९३६ साली फ्रान्समधील क्विये आणि शेल या पशुवैद्यांनी दाखवले की आजारी मेंढीच्या ऊतींचा अंश निरोगी मेंढीला टोचला तर तिलाही रोग होतो, पण वर्ष-दीड वर्षाने. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांच्या दुसऱ्याच एका रोगावरची लस फॉर्मॅलिन वापरून बनवली होती. ज्या फॉर्मॅलिनने विषाणू मरतात, त्यातूनही स्क्रेपीचा अंश टिकला आणि लस टोचलेल्या शेकडो मेंढ्या पुढे स्क्रेपीने मेल्या.

दुसरा धागा पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातला. तिथल्या फोरे जमातीत कुरू नावाचा आजार होता. चालताना झोक जाणे, अंग थरथरणे आणि वर्षभरात मृत्यू. रुग्णांत बायका आणि मुले जास्त. १९५७ पासून कार्लटन गायडुसेक आणि इतरांनी त्याचा अभ्यास केला. मृत नातलगाचे शरीर अंत्यविधीत खाण्याची तिथे रीत होती, आणि मेंदूचा भाग बायकामुलांच्या वाट्याला येई. १९५९ साली विल्यम हॅडलो या अमेरिकन पशुवैद्याने कुरूच्या मेंदूची चित्रे पाहिली आणि 'लॅन्सेट' या नियतकालिकाला पत्र लिहिले की हे तर हुबेहूब स्क्रेपीसारखे आहे, माकडांना टोचून पाहा आणि वाट पाहा. माणसांच्या डॉक्टरांना जे सुचले नाही ते मेंढ्यांच्या डॉक्टरला सुचले! गायडुसेक यांनी चिंपांझींवर प्रयोग केला आणि १९६६ मध्ये कुरू संक्रमित होतो हे जाहीर केले. त्यांना १९७६ चे नोबेल मिळाले. ती रीत १९५० च्या दशकात बंद झाली आणि आजारही हळूहळू संपला. मात्र लहानपणी त्यात सामील झालेल्या काहींना तो ५० वर्षांनंतरही झाला. इतकी वर्षे तो अंश शरीरात गप्प बसून होता.

याच जातीचा, पण जगभर सगळीकडे आढळणारा आजार म्हणजे क्रॉइत्झफेल्ट-याकोब. दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन इतका विरळ. बुद्धी झपाट्याने जाते आणि बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत दगावतात.

या सर्वांना त्या काळी 'मंदगती विषाणू'चे आजार म्हणत. अडचण एवढीच की तो विषाणू कोणालाच दिसत नव्हता. लंडनमध्ये काम करणाऱ्या टिकवा आल्पर यांनी १९६७ मध्ये दाखवले की जनुकद्रव्य नष्ट करणारे किरण सोडले तरी स्क्रेपीची संसर्गशक्ती टिकून राहते. त्याच वर्षी जे. एस. ग्रिफिथ या गणितज्ञाने कागदावर मांडून दाखवले की नुसत्या प्रथिनानेही रोग पसरणे तत्त्वतः शक्य आहे. पण तो तर्क होता, पुरावा नव्हता.

प्रुसिनर यांचे काम

प्रुसिनर यांचा जन्म १९४२ चा, आयोवा राज्यातील डी मॉइन शहरातला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आधी रसायनशास्त्र आणि मग वैद्यक शिकले. तीन वर्षे सरकारी संशोधन संस्थेत अर्ल स्टॅडमन या नामांकित जीवरसायनशास्त्रज्ञाकडे प्रथिने शुद्ध कशी करायची याचे शिक्षण घेतले. ही शिदोरी त्यांना जन्मभर पुरली. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मेंदूविकारांचे डॉक्टर म्हणून ते रुजू झाले आणि तिथे त्यांच्याकडे क्रॉइत्झफेल्ट-याकोबची एक रुग्ण आली. विसराळूपणा वाढत चाललेला, रोजची कामे जमेनाशी झालेली. ती वाचली नाही. ताप नाही, संसर्गाची कोणतीही खूण नाही, आणि तरी 'विषाणू'ने मेंदू खाल्ला असे सांगितले जाते, हे त्यांच्या मनाला पटेना. १९७४ मध्ये त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि स्क्रेपीच्या मागे लागले.

काम किती चिकाटीचे होते याची कल्पना एका आकड्यावरून येईल. एका नमुन्यात संसर्गशक्ती किती आहे हे मोजायचे तर ६० उंदीर लागत आणि वर्षभर वाट पाहावी लागे. म्हणजे एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पुढच्या दिवाळीला. मग त्यांनी हॅमस्टर हा उंदरासारखा प्राणी घेतला. त्याच्यात रोग लवकर होतो. किती दिवसांत रोग दिसला यावरून संसर्गशक्तीचा हिशेब मांडायची पद्धत त्यांनी बसवली. आता चार हॅमस्टर आणि सुमारे ७० दिवस पुरू लागले. माझ्या मते त्यांच्या यशातला अर्धा वाटा या हिशेबाच्या पद्धतीचा आहे, जरी लोकांना आठवते ते फक्त त्यांनी दिलेले नाव.

अडचणी आल्याच. काम चालू असतानाच एका मोठ्या संस्थेने त्यांचे अनुदान थांबवले, आणि विद्यापीठानेही आधी त्यांना कायम करायला नकार दिला. तो निर्णय पुढे फिरवला गेला. मधल्या काळात पैसा आला तो एका तंबाखू कंपनीच्या निधीतून. कर्जदार सज्जन असला तरी ठेवीदार कोण असेल हे सांगता येत नाही, असे आम्ही बँकेत म्हणत असू, त्याची आठवण झाली.

नमुना जसजसा शुद्ध होत गेला तसतसे एक कोडे समोर आले. जनुकद्रव्य नष्ट करणारे सगळे उपाय केले, तरी संसर्गशक्ती तशीच. प्रथिनांची मोडतोड करणारे पदार्थ घातले की मात्र ती घटे. शेवटी एप्रिल १९८२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला आणि या संसर्गजन्य प्रथिनाला 'प्रीऑन' हे नाव दिले. मराठीत काही ठिकाणी 'प्रायॉन' असे लिहिलेले आढळते. त्यांनी स्वतः सांगितलेला उच्चार 'प्रीऑन'. पुरावा पुरा होण्याआधीच नाव ठेवून मोकळे झाले म्हणून त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली.

पुढची दहा-बारा वर्षे पुरावा गोळा करण्यात गेली आणि त्यात इतरांचाही मोठा हात आहे. प्रथिन सापडले, त्याच्या मण्यांचा क्रम काही अंशी कळला आणि त्यावरून १९८५ मध्ये झुरिकच्या चार्ल्स वाइसमान यांच्या मदतीने जनुक शोधले. तेव्हा खरा धक्का बसला. ते जनुक कोणा परक्या जंतूचे नव्हते, ते त्या प्राण्याचेच होते. निरोगी हॅमस्टरमध्ये होते आणि माणसामध्येही आहे, विसाव्या गुणसूत्रावर. म्हणजे तुमच्या-माझ्या मेंदूत हे प्रथिन या क्षणी आहे. निरोगी प्रथिनात मळसूत्रासारखी वळणे जास्त असतात, तर रोगट प्रथिनात सपाट पट्ट्या जास्त. मण्यांचा क्रम तोच, घडी वेगळी.

आणि रोगट प्रथिन निरोगी प्रथिनाला चिकटले की त्यालाही आपल्यासारखी घडी घालायला लावते. मग ती दोन चार होतात, चारांची आठ. हे समजायला स्वयंपाकघरातली एक उपमा कामी येते. दुधात चमचाभर विरजण घातले की सगळ्या दुधाचे दही होते, कारण विरजणात जिवंत जिवाणू असतात आणि ते वाढतात. प्रुसिनर यांच्या आधी सर्वजण या रोगात असे विरजण शोधत होते. दोऱ्याची खडीसाखर मात्र वेगळ्या रीतीने होते. दाट पाकात दोरा सोडतात, त्यावर पहिले खडे धरतात आणि मग पाकातली साखर त्याच खड्यांवर त्याच आकारात बसत जाते. तिथे जिवंत काही नसते. आधीच्या खड्याचा साचा पुढच्या साखरेला मिळतो, इतकेच. सियागंजातून खडीसाखर आणाल तेव्हा मधला दोरा पाहा. प्रीऑनची कल्पना त्यात आहे.

शेवटचा मोठा पुरावा वाइसमान यांच्या गटाचा. त्यांनी हे जनुकच नसलेले उंदीर तयार केले. त्यांना स्क्रेपीचा अंश टोचला तरी रोग झाला नाही. पाकच नाही, तर खडा वाढणार कशावर? १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि बऱ्याच टीकाकारांचा विरोध मावळला. सगळ्यांचा नाही, नोबेल जाहीर झाल्यावरही काहींनी घाई झाली असे म्हटले.

इंग्लंडमधील गायी

हा विषय प्रयोगशाळेतून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला तो गायींमुळे. ब्रिटनमध्ये मेलेल्या जनावरांचे मांस आणि हाडे यांची भुकटी गायींच्या खाद्यात मिसळत असत. गवत खाणाऱ्या गायीला गायीचेच मांस! १९८६ मध्ये गायींचा नवा आजार ओळखला गेला. त्यालाच लोक 'मॅड काउ' म्हणू लागले. पुढे एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गायींत तो निश्चित झाला. १९८८ मध्ये असे खाद्य बंद केले, पण माणसांना धोका नाही असे सरकार सांगत राहिले. २० मार्च १९९६ रोजी ब्रिटिश संसदेत कबूल करावे लागले की क्रॉइत्झफेल्ट-याकोबचा एक नवा प्रकार तरुणांत दिसतो आहे आणि त्याचा संबंध या गोमांसाशी असण्याचा फार संभव आहे. ब्रिटनमध्ये त्याने १७८ बळी घेतले. भीती होती त्या मानाने आकडा लहान, पण त्यात विशी-तिशीतली माणसे होती.

शिजवून प्रीऑन मरत नाहीत, कारण मुळात ते जिवंत नाहीत. शस्त्रक्रियेची अवजारे नेहमीच्या पद्धतीने वाफेवर निर्जंतुक केली तरी भागत नाही. जास्त तापमान, जास्त वेळ किंवा कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण लागते.

अल्झायमर आणि कंपवात यांच्याशी नाते

इथवरचे आजार विरळा. आपल्या घरांत जे दिसतात ते अल्झायमर आणि कंपवात. यांचा प्रीऑनशी संबंध काय?

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी नोव्हेंबर १९०६ मध्ये औगुस्टे नावाच्या रुग्णेची माहिती एका सभेत सांगितली. पन्नाशीच्या सुरुवातीलाच तिची स्मृती गेली होती. तिच्या मेंदूत त्यांना दोन गोष्टी दिसल्या : पेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे. डाग ज्याचे बनतात ते अमिलॉइड-बीटा हे प्रथिन १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी वेगळे काढले. धागे टाऊ नावाच्या प्रथिनाचे. कंपवातात चेतापेशींत गोळे दिसतात, त्यात आल्फा-सायन्युक्लीन हे प्रथिन असते. हे १९९७ मध्ये कळले. हंटिंग्टन आणि चेतापेशींचे इतर काही आजार यांतही निराळी प्रथिने अशीच गोळा होतात. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळे, गोष्ट तीच : स्वतःचेच प्रथिन, चुकलेली घडी, साचत जाणारा गाळ.

हा गाळ मेंदूत एका जागी सुरू होऊन शेजारी शेजारी पसरत जातो. कंपवाताच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचार म्हणून नव्या पेशी बसवल्या होत्या. दहाहून अधिक वर्षांनी ते रुग्ण अन्य कारणाने वारल्यावर पाहिले तर त्या नव्या पेशींतही गोळे आढळले. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. शेजारच्या आजारी पेशींचा साचा नव्यांना लागला असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रुसिनर यांचे ठाम मत असे की हे सगळेच आजार प्रीऑनचे आहेत. बरेच शास्त्रज्ञ इतके पुढे जात नाहीत. ते 'प्रीऑनसारखे' म्हणतात.

या एका शब्दाच्या फरकाने घरातल्या माणसांचा जीव टांगणीला लागू शकतो, म्हणून स्पष्ट लिहितो. अल्झायमर किंवा कंपवात असलेल्या माणसाला अंघोळ घातल्याने, भरवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने तो आजार होत नाही. पसरणे जे आहे ते त्याच मेंदूच्या आतले. एक अपवाद नोंदला गेला आहे तो वैद्यकीय उपचारांतला. ब्रिटनमध्ये १९५९ ते १९८५ या काळात उंची न वाढणाऱ्या १,८४८ मुलांना मृतदेहांच्या पीयूषिका ग्रंथीतून काढलेले संप्रेरक टोचले गेले. त्यांतल्या काहींना पुढे क्रॉइत्झफेल्ट-याकोब झाला. आणि जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी सांगितले की अशा पाच जणांना तरुण वयातच अल्झायमरसारखा आजार दिसतो आहे. हे संप्रेरक १९८५ पासून बंद आहे. आज मिळते ते प्रयोगशाळेत बनवलेले.

मुलांना होईल का, याचे उत्तर बहुतेक घरांसाठी दिलासा देणारे आहे. थेट पिढीजात अल्झायमर फार थोड्या कुटुंबांत असतो, आणि तिथे तो चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतो. उतारवयातल्या नेहमीच्या अल्झायमरमध्ये काही जनुकांमुळे धोका थोडा वाढतो, पण वडिलांना होता म्हणून मुलाला होणारच असे नाही. हंटिंग्टनचे तसे नाही. तिथे प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते.

औषधांची आजची स्थिती

गेली अनेक वर्षे दिली जाणारी डोनेपेझिलसारखी औषधे काही काळ स्मृतीला टेकू देतात. गाळ थांबवत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते अमिलॉइडचा गाळ खरोखर साफ करते. १,७९५ रुग्णांवरील चाचणीत दीड वर्षात आजाराची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंद झाली. वर्तमानपत्रांत हा आकडा मोठा दिसतो. मोजपट्टी १८ गुणांची आणि फरक अर्ध्या गुणाहूनही कमी, हेही सोबत वाचावे. शंभरातल्या बारा-तेरा जणांच्या मेंदूत सूज दिसली. ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी आहे, आणि गेलेली स्मृती परत आणत नाही. व्याजदर वाचताना तळटीप वाचायची सवय असलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो.

कंपवातावर लेव्होडोपा आजही मुख्य औषध आहे. आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य असते आणि आयुर्वेदात कंपवातासाठी ती वापरली जात आली आहे. पण म्हणूनच, गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता तिचे चूर्ण घेणे धोक्याचे. मात्रा दुप्पट होऊ शकते.

औषधाखेरीज जे हातात आहे त्याबद्दल 'लॅन्सेट'च्या समितीने २०२४ मध्ये चौदा कारणे दिली, जी वेळीच सांभाळली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान अपेक्षितच. आपल्याकडे दुर्लक्षित राहते ते ऐकू कमी येणे. चष्मा लावायला कोणी लाजत नाही, पण कानातल्या यंत्राला नकार असतो. मग माणूस गप्प होतो, एकटा पडतो.

ज्यांना हा आजार घरात कसा शिरतो ते पाहायचे आहे त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट पाहावा. डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी त्यात अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताचे काम केले आहे.

व्यवहाराच्या काही गोष्टी

माझ्या क्षेत्रातले थोडे लिहून थांबतो, कारण डॉक्टर हे सांगत नाहीत. पैशाचे व्यवहार चुकणे हे या आजाराचे फार लवकर दिसणारे लक्षण आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणारे पेन्शनर आम्ही वर्षानुवर्षे पाहत असू. एकच चौकशी तीनदा करणे, पासबुक भरून घेतल्यावर पुन्हा रांगेत येणे, नीटनेटक्या माणसाचे धनादेश एकाएकी चुकीच्या तारखांचे येणे. कंपवातात सही बारीक बारीक होत जाते, कधी कधी हात थरथरू लागण्याच्या आधीच. काउंटरवरच्या माणसाला हे दिसते, घरच्यांना रोजच्या सहवासामुळे दिसत नाही.

अनेक घरांत असे समजतात की बाबांकडून मुखत्यारपत्र करून घेतले की पुढची सोय झाली. तसे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्रही संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला नेमक्या त्या दिवशी तो निरुपयोगी ठरतो. मग न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि त्यात महिने जातात. खाते आधीपासून पतिपत्नीच्या किंवा मुलाच्या नावाने 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशा पद्धतीचे असेल तर घरखर्चाचे पैसे काढताना अडचण कमी येते. सर्व ठेवींवर, लॉकरवर आणि भविष्य निर्वाह निधीवर नामनिर्देशन आहे का ते तपासावे. मृत्युपत्रही समजत असतानाच करायचे असते. निदान झाले असल्यास करतेवेळी डॉक्टरांचा त्या तारखेचा दाखला सोबत घ्यावा आणि साक्षीदार वयाने लहान निवडावेत.